क्वांटम कॉम्प्युटरचा दावा कागदावर कसा तपासायचा

क्वांटम कॉम्प्युटरची बातमी आली की माझे विद्यार्थी आधी विचारतात, क्यूबिट किती? (क्यूबिट म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचा बिट, जो ० आणि १ यांच्या मिश्र अवस्थेतही राहू शकतो.) मी त्यांना कागद-पेन्सिल घ्यायला लावतो. क्यूबिटचा आकडा घटकाभर बाजूला ठेवा आणि तीन आकडे शोधा: उत्तरापर्यंत एकामागून एक किती पायऱ्या आहेत, एका पायरीला किती वेळ लागतो, आणि एका पायरीत चूक होण्याची शक्यता किती. हे तीन आकडेच दिले नसतील, तर तपासण्याजोगं काही हाती आलेलंच नाही.

आधी प्रश्न कोणत्या जातीचा आहे ते बघा. ‘सगळ्या शक्यता एकाच वेळी तपासतो’ असं वाक्य दिसलं की सावध व्हा. शंभर क्यूबिटांचं मापन केलं की फार तर शंभर बिट माहिती मिळते. होलेवो यांनी हे १९७३ मध्ये सिद्ध केलं. फायदा मिळतो तो चुकीची उत्तरं एकमेकांना खोडतील अशी रचना प्रश्नातच असेल तर. अवयव पाडण्याच्या प्रश्नात ती शोर यांना १९९४ मध्ये सापडली. रचना नसलेल्या शोधात ग्रोव्हर यांची १९९६ची पद्धत पायऱ्या शक्यतांच्या संख्येच्या वर्गमूळापर्यंत खाली आणते. त्याहून खाली जाताच येत नाही, हेही सिद्ध झालेलं आहे.

आता गणित करू. एईएस या माहिती कुलूपबंद करण्याच्या प्रचलित पद्धतीची १२८ बिटांची चावी शोधायची आहे. शक्यतांची संख्या ३९ अंकी. तिचं वर्गमूळ २चा ६४वा घात, आणि ग्रोव्हरच्या फेऱ्या त्याच्या साधारण ७८ टक्के. एका फेरीत एईएसचं अख्खं सर्किट चालवावं लागतं, तरी उदार होऊन फेरीला एक मायक्रोसेकंद धरा. उत्तर येतं साधारण साडेचार लाख वर्षं! काम वाटून दिलं तर? दहा हजार यंत्रं लावली तरी वेळ फक्त शंभर पटीने कमी होतो. हे गणित एकदा स्वतःच्या हाताने कराच, नुसतं वाचून ते अंगी लागत नाही.

मग चुकांकडे वळा. एका गेटमागे, म्हणजे क्यूबिटवरच्या एका मूलभूत क्रियेमागे, हजारात एक चूक असेल, तर हजार गेट बिनचूक पार पडण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के. दहा हजार गेटना तीच लाखात चार-पाच उरते. म्हणून त्रुटीदुरुस्ती लागते: पुष्कळ कच्चे क्यूबिट मिळून एक भरवशाचा. प्रचलित सरफेस कोडमध्ये, म्हणजे कच्चे क्यूबिट चौकोनी जाळीत मांडण्याच्या पद्धतीत, चूक सुमारे एक टक्क्याच्या खाली आली, तरच जाळी मोठी करण्यात अर्थ असतो. गूगलच्या १०५ क्यूबिटच्या विलो चिपवर जाळी ३×३ वरून ५×५ आणि मग ७×७ केली, तेव्हा दर वेळी चूक आधीच्या निम्म्याहूनही थोडी खाली आली. २०२४ची ही बातमी मला क्यूबिटच्या कुठल्याही विक्रमापेक्षा मोठी वाटते.

अंदाज वाचताना साल पाहायला विसरू नका. २०४८ बिटांचं आरएसए (मोठ्या संख्येचे अवयव पाडणं अवघड असतं, यावर उभं असलेलं कुलूप) फोडायला २ कोटी क्यूबिट आणि आठ तास, असा गिडनी आणि एकेरा यांचा २०१९चा हिशेब. २०२५ मध्ये गिडनी यांनीच तो १० लाखांच्या आत आणला, वेळ मात्र आठवड्याच्या आत. यंत्राबद्दलची गृहीतकं जवळपास तीच होती. सुधारली ती पद्धत.

शेवटी ऊर्जा. एक बिट पुसायला खोलीच्या तापमानाला किमान ३ झेप्टोज्यूलच्या (झेप्टोज्यूल म्हणजे १ ज्यूल भागिले १०चा २१वा घात) आसपास उष्णता बाहेर टाकावी लागते, हा लँडाउअर यांचा १९६१चा नियम. क्वांटम गेट उलट फिरवता येतं, त्यामुळे तत्त्वतः ते या करातून सुटतं. त्रुटीदुरुस्ती सुटत नाही: चुकांच्या खुणा सतत वाचायच्या, पुसायच्या आणि पुन्हा वाचायच्या. शिवाय अतिवाहक चिप निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, २० मिलिकेल्विनच्या (०.०२ केल्विन) आसपास ठेवतात. तिथली एक ज्यूल उष्णता ३०० केल्विनच्या खोलीत आणून टाकायला आदर्श यंत्रालाही सुमारे १५,००० ज्यूल खर्चावे लागतात. खऱ्या यंत्राला त्याहून कितीतरी जास्त. तेव्हा दाव्यात वीज वाचल्याचं लिहिलं असेल, तर शीतयंत्राची आणि नियंत्रण करणाऱ्या साध्या कॉम्प्युटरची वीज त्यात धरली आहे का, ते विचारा.