मिशनवर परदेशात असलेल्या मुला-नातवंडांशी जवळीक कशी ठेवायची
मुलगा-सून मिशनच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मसेवेच्या, कामाला केनियात असतील तर आधी फोनची वेळ ठरवा, नैरोबी आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेआठ तेव्हा तिथे संध्याकाळचे सहा, पोरं घरीच असतात. रविवारी सकाळी नको, चर्चची गडबड असते. नातवंडांना नुसतं 'जेवलास का' विचारलं की ती दोन मिनिटांत पळतात, त्यापेक्षा नाताळच्या करंज्या करताना मोबाईल ओट्यावर टेकवून ठेवा, मग 'आज्जी, मुरड कशी घालतेस' हे तीच विचारतील. बायबलमधली दावीद आणि गल्याथची गोष्ट मराठीत व्हॉइस नोट करून पाठवा, झोपताना ऐकतात. 'परत कधी येणार' हे दर वेळी नका विचारू हो, त्यांनाही जड जातं. आणि काही देशांत मिशनचं काम उघड बोलणं धोक्याचं असतं, तिथे मेसेजमध्ये काय लिहायचं ते आधी त्यांनाच विचारा.