एरंडेलाचा फोम राउटरखाली भुगा होतोय? या चुका टाळा

एरंडेल तेलापासून केलेला पॉलियुरेथेन फोम, त्यात तागाचे आखूड तंतू आणि वरखाली तागाचे कापड. अशी फळी राउटरने (फिरत्या कटरने कापणाऱ्या यंत्राने) कापताना कडा ढासळल्या की पहिला संशय कटरवर जातो. पण दोष बऱ्याचदा मिश्रण ओतण्याआधीच शिरलेला असतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे ताग न वाळवता वापरणे. कोरडा वाटणारा तागही दमट हवेत १२ टक्क्यांच्या आसपास पाणी धरतो. म्हणजे १० ग्रॅम तंतूंत साधारण १.२ ग्रॅम पाणी, आणि एक ग्रॅम पाणी जवळजवळ १५ ग्रॅम पॉलिमेरिक एमडीआय (तेलाशी जुळून फोम बनवणारे आयसोसायनेट रसायन) खाऊन टाकते. १०० ग्रॅम एरंडेलाला एमडीआय लागते सुमारे ३९ ग्रॅम. त्यातले १८ ग्रॅम या छुप्या पाण्यानेच गिळले, तर तेलाशी जुळायला उरते काय? वर दीड लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड तयार होतो तो वेगळाच. तंतूंभोवती मोठी भोके पडतात आणि कटर लागताच तिथूनच तुकडा उडतो. तंतू १०५ अंशांवर तीन-चार तास वाळवा, बंद डब्यात थंड होऊ द्या, लगेच वापरा. कोकणातल्या पावसाळ्यात तर डबा अर्धा तासही उघडा ठेवू नका.

नुसत्या एरंडेलाचा फोम मऊच राहतो. कडकपणासाठी १०० ग्रॅम तेलाला १० ग्रॅम ग्लिसरीन घालतात, पण एमडीआय तेवढेच ठेवले की गणित बिघडते. त्या १० ग्रॅमसाठी आणखी ४४ ग्रॅम एमडीआय हवे. ग्लिसरीन तेलात सहज मिसळत नाही, म्हणून सिलिकॉन सरफॅक्टंट (न मिसळणारे द्रव एकत्र धरणारा पदार्थ) घालून ते आधी नीट घोटून घ्या.

ओतल्यावर किमान २४ तास फोमला हात लावू नका. एरंडेलातले हायड्रॉक्सिल गट (रेणूचे एमडीआयशी जुळणारे भाग) सावकाश जुळतात. कच्चा फोम कटरला चिकटतो, शिवाय धुळीत न जुळलेले आयसोसायनेट असू शकते. मास्क आणि धूळ ओढणारे यंत्र दोन्ही हवेतच.

कापताना फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग) कमी ठेवणे सुरक्षित वाटते, पण तेव्हा कटर कापत नाही, घासतो. फोम तापतो, पोकळ्यांच्या भिंती चिरडतात. दोन धारांचा कार्बाइड कटर, मिनिटाला १८,००० फेरे, दर फेऱ्याला प्रत्येक धारेचा ०.१५ मिमी काप: फीड ५,४०० मिमी प्रति मिनिट. तागाच्या कापडाला झालरी सुटत असतील तर वरून खाली आणि खालून वर ओढणारा कॉम्प्रेशन कटर लावा. पाणी किंवा कूलंट अजिबात नको, ताग फुगतो.

फोम ज्या दिशेने फुगतो त्या दिशेने तो दाबाला जास्त टिकतो. म्हणून ठोकळ्यातून फळ्या काढताना ती दिशा फळीच्या जाडीत येऊ द्या.

कापड चिकटवण्याआधी धूळ व्हॅक्यूमने ओढून घ्या. उघड्या पोकळ्या राळ (कापड चिकटवणारे रेझिन) पितात आणि कापड कोरडे पडते. त्यासाठी राळ आणि लाकडाचा बारीक भुगा यांचा पातळ लेप पट्टीने ओढून आधी भोके बुजवा. कापड दाबून बसवताना हलक्या फोमवर पूर्ण व्हॅक्यूम देऊ नका, राळ तापली की आतला फोम दबतो; निम्मा व्हॅक्यूम पुरतो.

स्क्रू थेट फोममध्ये कधीच नको. मोठे भोक पाडा, राळ-भुशाने भरा, घट्ट झाल्यावर त्यातच पुन्हा भोक घ्या.