प्रश्नपेटी घेऊन वर्गात जाताना

वहीच्या पानाचा कोपरा फाडून, घडीवर घडी घालून माझ्या लैंगिक शिक्षणाच्या सत्रातल्या प्रश्नपेटीत टाकलेली ती चिठ्ठी सातवीच्या वर्गातली होती. ‘झोपेत चड्डी ओली होते. मला रोग झालाय का?’

उत्तर देताना मी सवयीने ‘स्वप्नदोष’ म्हणाले. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, “ताई, म्हणजे दोष आहेच ना?” त्या दिवसापासून तो शब्द मी टाकला. झोपेत वीर्य बाहेर येतं, वयात येताना बऱ्याच मुलांना असं होतं, त्याने अशक्तपणा येत नाही, असं सरळ सांगते. नव्याने सत्रं घेणार असाल तर लिंग, वृषण, योनी, पाळी हे शब्द आधी घरी मोठ्याने म्हणून बघा. आपण अडखळलो की पोरं हसतात, आणि मग खरे प्रश्न पेटीत पडतच नाहीत.

चिठ्ठी सगळ्यांनीच टाकायची. प्रश्न नसेल त्यानेही ‘प्रश्न नाही’ असं लिहून टाकायची, म्हणजे कोणी विचारलं ते कळत नाही.

तिसरी-चौथीत अवयवांची नावं आणि नको असलेल्या स्पर्शाला ‘नाही’ म्हणणं, एवढं पुरे. पाळीबद्दल मात्र पाचवी-सहावीतच बोला, कारण काही मुलींना ती तेव्हाच येते. मुलांनाही त्याच वर्गात बसवा. आकर्षण, संमती आठवी-नववीत.

‘मुलं बिघडतील’ हे ऐकावं लागेलच. र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये लैंगिक विषयांवर उघडपणे लिहिणारं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं, तरी २००७ मध्ये आपल्याच राज्यात शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं गेलं. मी वाद घालत नाही. आधी पालकसभा घेते आणि वर्गात दाखवायची चित्रं पालकांसमोर ठेवते.

एक चूक मात्र तुमच्याकडून होऊ नये. पहिल्या वर्षी मी वर्गाला शब्द दिला होता, “इथलं काहीच बाहेर जाणार नाही.” त्या भरवशावर आठवीतल्या एका मुलीने घरातल्या माणसाबद्दल सांगितलं. २०१२ च्या पोक्सो कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलावरचा लैंगिक अत्याचार कळला की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मी कळवलं. ते योग्यच होतं, पण “तुम्ही तर म्हणाला होतात...” हे तिचं अर्धं वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. आता सुरुवातीलाच सांगते, “चिठ्ठ्यांची चर्चा बाहेर करणार नाही. पण कोणी तुम्हाला त्रास देत असेल तर गप्प बसणार नाही, मदत आणेन, आणि तुम्हाला सांगूनच आणेन.”

निघताना फळा पुसते. कोपऱ्यात लिहिलेला मुलांच्या मदतीसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर तेवढा राहू देते.