खाडीकाठच्या घरात मासाई भाला आणि ढाल जपताना

केनिया किंवा टांझानियाहून आणलेला, तिथल्या मासाई समाजाचा भाला ऐरोली-वाशीच्या घरात लावण्यापूर्वी नजीकच्या पोलीस ठाण्यात परवान्याबाबत विचारणा करावी, कारण शस्त्र नियम २०१६ नुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे भाले आणि तलवारी शस्त्रांच्या वर्गात मोडतात.

भाल्याचे तीन भाग असतात: लांब अरुंद पाते, मधली आखूड लाकडी मूठ आणि खाली टोकदार लोखंडी दांडा. लोखंड आणि लाकूड जिथे जुळते त्या सांध्यात ओल साचते आणि गंज बहुधा तिथूनच धरतो. पावसाळ्याआधी कोरड्या मऊ कापडाने पुसून लोखंडावर शिवणयंत्राच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. खोबरेल तेल खवट होऊन चिकटते, म्हणून ते टाळावे. पॉलिश पेपर तर मुळीच लावू नये, कारण पात्यावरच्या ठोक्यांच्या खुणा म्हणजे लोहाराचा हात असतो. मासाई समाजात लोहारांचा, म्हणजे इल-कुनोनोंचा, गट वेगळा मानला जाई आणि त्यांच्या हातची वस्तू घेताना हाताला चरबी लावण्याची रीत होती. ज्यांच्या घणावाचून योद्ध्याचा भाला झालाच नसता, त्यांनाच दूर ठेवले गेले, हे मला या शस्त्रांच्या कहाणीतले सर्वांत वेदनादायी पान वाटते.

भाला आडवा टांगण्याऐवजी, लहान मुलांच्या हाताबाहेर, लाकडी खोबणीत उभा ठेवावा. मोरान, म्हणजे तरुण योद्धा, तो घराबाहेर जमिनीत उभाच रोवतो.

रानरेड्याच्या कातड्याची ढाल असल्यास ती अधिक नाजूक समजावी. लाकडी चौकटीवर ताणलेले ते कातडे दमट हवेत सैल पडते आणि त्यावर बुरशी धरते, तर थेट उन्हात ते तडकते. म्हणून बाहेरच्या ओलसर भिंतीपासून ती दोन बोटे पुढे लावावी, तेल किंवा ओले फडके न वापरता मऊ ब्रशने धूळ झटकावी आणि पावसाळ्यात जवळ सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. लाल, पांढऱ्या आणि काळ्या रंगांतली नक्षी म्हणजे ‘सिराता’. तिच्यावरून योद्ध्याचा वयोगट आणि शाखा ओळखली जाई, त्यामुळे पुसट झालेले रंग नव्याने भरू नयेत. केनियाच्या १९६३ पासूनच्या राष्ट्रध्वजावरही अशीच ढाल आणि दोन भाले आहेत.

रुंगू ही फेकण्याची लाकडी गदा असली, तरी मासाई सभेत बोलणाऱ्या प्रमुखाच्या हातातला रुंगूसारखाच काळा सोटा अधिकाराची खूण असतो. घरातल्या रुंगूखाली बारीक भुसा दिसला, तर कीड लागली असे समजून ती लगेच इतर वस्तूंपासून वेगळी करावी.