फॉर्मॅट मारू नका: लिनक्स निवडताना, अपग्रेड करताना आणि बिघडल्यावर या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि साधारण आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर लागतो. त्यामुळे व्यवस्थित चालणारे कितीतरी लॅपटॉप बाद ठरले आणि त्यांच्या मालकांपैकी अनेकजण आता लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमकडे वळताहेत. याचा मला मनापासून आनंद आहे. काळजी वाटते ती एका सवयीची. काही बिघडलं की फॉर्मॅट मारायचा, हा आपल्याकडे दुरुस्तीच्या दुकानापासून कॉलेजच्या लॅबपर्यंत चालत आलेला उपाय. लिनक्सवर तो फार महाग पडतो. इथे बहुतेक बिघाड स्वतःचं कारण कुठेतरी लिहून ठेवतात, आणि फॉर्मॅट मारला की डेटाबरोबर ते कारणही पुसलं जातं. मग तोच बिघाड काही दिवसांनी परत येतो.

निवडताना

डिस्ट्रो म्हणजे लिनक्सचा एक तयार संच. "सगळ्यात भारी डिस्ट्रो कोणती?" या प्रश्नाने सुरुवात झाली की पुढे गाडी घसरतेच. आधी आपलं काम कागदावर लिहून काढा. टॅली लागतं का? कोरलड्रॉ लागतं का? ही दोन्ही विंडोजसाठी बनलेली आहेत, लिनक्सवर ती थेट चालत नाहीत. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन वापरत असाल तर तुमच्या टोकनचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का आणि ज्या पोर्टलवर सही करायची ते पोर्टल लिनक्सवर सही स्वीकारतं का, हे दोन्ही आधीच तपासा. ज्याचा धंदाच यावर चालतो त्याने विंडोजचं एक मशीन बाजूला ठेवावं. उत्साहाच्या भरात ते पुसून टाकू नये.

इंजिनिअरिंगचे विद्यार्थी पहिल्याच झटक्यात काली लिनक्स टाकतात. काली हे सुरक्षा तपासणीचं अवजार आहे. नवख्यांनी ते रोजच्या वापरासाठी घेऊ नये, असं कालीवाले स्वतःच सांगतात. त्यावर ब्लूटूथ किंवा प्रिंटर अडला म्हणून "लिनक्स बेकार" असा निकाल देणं अन्यायाचं आहे. पहिल्यांदा येणाऱ्याने लिनक्स मिंट किंवा उबुंटूची एलटीएस (दीर्घकाळ सांभाळली जाणारी) आवृत्ती घ्यावी. उबुंटूची एलटीएस दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि पाच वर्षं सांभाळली जाते. मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने सपोर्ट असतो. मोठा आकडा बघून मधली आवृत्ती टाकणारा माणूस वर्ष संपायच्या आत अपग्रेडच्या फेऱ्यात सापडतो.

मशीन ३२ बिटचं (जुन्या प्रकारच्या प्रोसेसरचं) असेल तर वाट आणखी अरुंद होते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या डिस्ट्रोने ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं.

पेन ड्राइव्हवरून लाइव्ह सेशन, म्हणजे डिस्कवर न टाकताच लिनक्स, चालवून बघणं तर बरेच जण गाळूनच टाकतात. आयएसओ, म्हणजे डाउनलोड केलेली इन्स्टॉलरची फाइल, साध्या पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी करून बूट होत नाही; ती रुफस किंवा एचर या साधनांनी लिहावी लागते, किंवा पेन ड्राइव्हवर आधी व्हेंटॉय बसवून मग कॉपी करावी लागते. लिहिण्याआधी चेकसम (फाइल नीट आली का हे दाखवणारा आकडा) जुळवून घ्या, अर्धवट डाउनलोडपायी अख्खी दुपार वाया जाते. लाइव्ह सेशनमध्ये वायफाय, आवाज, टचपॅड, झाकण मिटल्यावर झोपणं आणि परत जागं होणं, एवढं सगळं तपासा. वायफाय दिसत नसेल तर घाबरू नका. जुन्या लॅपटॉपमधल्या ब्रॉडकॉम कार्डांना बाहेरून ड्रायव्हर लागतो. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट मिळेल, आणि मग मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर पुढचं काम करेल.

विंडोजच्या शेजारी टाकताना

इथे चार गोष्टी आधी करायच्या असतात आणि त्यांची सुरुवात विंडोजमधूनच करायची असते.

पहिली, बिटलॉकर, म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप. अनेक नव्या लॅपटॉपवर तो मालकाला पत्ता नसताना चालू असतो. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारी सोय) किंवा बायोसची, म्हणजे मदरबोर्डची, सेटिंग बदलली की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती आधी काढून कागदावर लिहून ठेवा. दुसरी, फास्ट स्टार्टअप बंद करा. तो चालू असला की शटडाउन करूनही विंडोज अर्धवट झोपलेलंच राहतं आणि लिनक्समधून डी ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. तिसरी गोष्ट आरएसटी, म्हणजे डिस्क हाताळायची इंटेलची खास पद्धत. इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही की लोक डिस्क खराब झाली असं समजतात. बऱ्याचदा बायोसमध्ये स्टोरेज आरएसटीवर असतं आणि ते एएचसीआय या सर्वसाधारण पद्धतीवर न्यावं लागतं. पण तेही सरळ बदलायचं नाही. विंडोज सेफ मोडमध्ये सुरू व्हायची सोय आधी करून मगच बदला, नाहीतर विंडोज उठणार नाही.

चौथी म्हणजे बॅकअप, बाहेरच्या डिस्कवर. यावर जास्त बोलायची गरज नसावी.

दोन्ही सिस्टिम नांदायला लागल्या की विंडोजचं घड्याळ बरोब्बर साडेपाच तास मागे दिसू शकतं. मदरबोर्डची बॅटरी गेली असं समजून लोक ती बदलून येतात. बॅटरी ठणठणीत असते. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तिलाच स्थानिक वेळ समजतं, आणि आपल्या घड्याळातला फरक नेमका साडेपाच तासांचा. 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' ही एक आज्ञा लिनक्सच्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) दिली की भांडण मिटतं.

अपग्रेड करताना

नवी एलटीएस आली त्याच दिवशी उडी मारू नका. जुन्या एलटीएसवाल्यांना उबुंटू नव्या आवृत्तीचं आमंत्रण पहिला दुरुस्तीचा टप्पा आल्यावरच देतं. २४.०४ एप्रिल २०२४ मध्ये आली, २४.०४.१ ऑगस्टअखेर. त्यानंतरही अपग्रेडच्या साधनात दोष सापडल्यामुळे ही वाट काही काळ बंद ठेवावी लागली होती. ज्यांनी अपग्रेडच्या आज्ञेला '-डी' जोडून जबरदस्तीने आधीच अपग्रेड केलं, त्यांनी ही सगळी काळजी स्वतःहून बाजूला सारली. आवृत्त्या गाळूनही जाऊ नका. डेबियन ११ वरून थेट १३ वर जाता येत नाही, १२ वर थांबावं लागतं. मिंट २२ वर जायचं तर आधी २१.३ वर या.

टाइमशिफ्टबद्दलचा गैरसमज मात्र खरोखर धोक्याचा आहे. टाइमशिफ्ट हे साधन सिस्टिमचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, घेतं. तुमचं होम फोल्डर, म्हणजे फोटो, पत्रं, हिशेब, ते मूळ सेटिंगमध्ये घेतच नाही. शिवाय स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असेल तर डिस्कबरोबर तोही जातो. अपग्रेड फसलं तर मागे यायला टाइमशिफ्ट उत्तम आहे, लाइव्ह पेन ड्राइव्हवरूनही ते परत आणता येतं. पण कागदपत्रांचा बॅकअप वेगळा घ्यायचा, आणि त्यातली एखादी फाइल उघडून बघायची.

अपग्रेड चालू असताना वीज गेली आणि बॅटरीने मान टाकली, हे आपल्या गावागावांतलं वास्तव आहे. परत चालू केल्यावर सिस्टिम अर्धवट वाटली तरी बहुधा ती वाचते. 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' आणि मग 'सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल', याच क्रमाने चालवा. अर्धवट राहिलेली पॅकेजं (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) तिथूनच पुढे लागतात.

"कुड नॉट गेट लॉक" असा निरोप आला की लॉकची (दोन कामं एकमेकांत येऊ नयेत म्हणून लावलेल्या कुलपाची) फाइल उडवून टाका, हा सल्ला सगळीकडे फिरतो. तो ऐकू नका. बहुतेक वेळा मागे सिस्टिम स्वतःहून सुरक्षा अपडेट घेत असते. दहा मिनिटं थांबा, लॉक आपोआप सुटेल.

बिघडल्यावर

पडद्यावरचा निरोप वाचणं किती महत्त्वाचं, याचं जगाने पाहिलेलं उदाहरण नोव्हेंबर २०२१ चं आहे. कॅनडातले प्रसिद्ध यूट्यूबर लायनस सेबॅस्टियन पॉप ओएस या डिस्ट्रोवर स्टीम हे गेमचं सॉफ्टवेअर टाकत होते. सिस्टिमने बजावलं की यात अत्यावश्यक पॅकेजं काढली जातील, खात्री असेल तर "येस, डू ॲज आय से!" असं टाइप करा. त्यांनी टाइप केलं आणि डेस्कटॉपच उडाला. पॅकेजमधला दोष खरा होता आणि तो नंतर दुरुस्तही झाला. पण काय काय काढणार याची यादी सिस्टिमने आधीच समोर ठेवली होती. काही काढायची परवानगी मागितली गेली की ती यादी शेवटपर्यंत वाचा. तिच्यात डेस्कटॉपचं नाव दिसलं तर तिथेच थांबा.

एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांचं दुखणंही असंच न वाचल्याने होतं. सिक्युअर बूट चालू असताना ड्रायव्हर टाकला की उबुंटू एक पासवर्ड ठरवायला सांगतं. पुढच्या रीबूटला निळा पडदा येतो, तो जेमतेम दहा सेकंद थांबतो. तिथे कुठलंही बटण दाबून 'एनरोल मॉक' (की नोंदवा) निवडायचं, पुढे जायचं, हो म्हणायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा. निळा पडदा पाहून लोक घाबरतात किंवा नुसतं 'कंटिन्यू बूट' दाबतात. मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तो ड्रायव्हर नाकारतं, पडदा अडखळतो, आणि दोष लिनक्सच्या माथी जातो. तो पडदा चुकला तर 'मोकयूटिल'ने की पुन्हा नोंदवायला द्या आणि रीबूट करा. बास.

प्रिंटरचं बघू, कारण छोट्या कार्यालयांत सगळं याच्यावरच अडतं. एचपी लेझरजेट १०२० आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांत आणि वकिलांच्या टेबलावर हमखास असतो. या प्रिंटरच्या पोटात फर्मवेअर (त्याला चालवणारं सॉफ्टवेअर) कायमचं राहत नाही, दर वेळी चालू केल्यावर ते कॉम्प्युटरने पाठवावं लागतं. लिनक्सवर हे काम एचपीलिप हे एचपीचं सॉफ्टवेअर आणि त्याचं प्लगइन (पूरक जोड) करतं, आणि दोघांची आवृत्ती जुळावी लागते. अपग्रेडमध्ये एचपीलिप पुढे सरकतं, प्लगइन जुनंच राहतं. मग प्रिंटर यादीत दिसतो, काम 'पूर्ण झालं' असंही येतं, कागद मात्र बाहेर पडत नाही. लोक प्रिंटर काढून पुन्हा जोडतात, केबल बदलतात, शेवटी फॉर्मॅट मारतात. टर्मिनलमध्ये 'एचपी-प्लगइन' चालवून नवं प्लगइन घेतलं आणि प्रिंटर बंद करून चालू केला की कागद येतो.

जुन्या मराठी फायलींचंही तसंच. कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फॉन्टांतला मजकूर लिनक्सवर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो, कारण तो युनिकोड (सगळीकडे सारखी चालणारी अक्षरपद्धत) नाही. तो फॉन्ट तुमच्याकडे रीतसर असेल तर होममधल्या फॉन्टच्या फोल्डरात टाका, मजकूर दिसेल. कायमचा उपाय मात्र युनिकोडमध्ये रूपांतर हाच. टायपिंगसाठी आयबस आणि एम१७एन बसवा, त्यात मराठी इनस्क्रिप्टही आहे आणि फोनेटिकही.

कारण कळत नसेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते वहीत टिपून ठेवा. पाच वेगवेगळ्या उत्तरांतल्या पाच आज्ञा एकापाठोपाठ चिकटवल्या तर सुधारलं कशाने आणि बिघडलं कशाने, काहीच कळत नाही. मशीन बंद पडून परत चालू झालं असेल तर 'जर्नलसीटीएल -बी -१' आधीच्या वेळची नोंदवही दाखवतं. मदत मागताना त्यातल्या शेवटच्या ओळी, डिस्ट्रोची आवृत्ती आणि मशीनची माहिती देणाऱ्या 'इन्क्सी -एफएक्सझेड'चा निकाल द्या. "चालत नाही" एवढ्यावर कोणालाच उत्तर देता येत नाही.

फॉर्मॅट खरंच कधी मारायचा

आवृत्तीचा सपोर्ट कधीच संपलाय आणि मध्ये तीन-चार टप्पे राहिलेत, अशा वेळी नव्याने टाकणं सोपं पडतं. डिस्क मरायला लागली असेल तर फॉर्मॅटने ती जगत नाही. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या 'स्मार्टसीटीएल'मध्ये रीअलोकेटेड किंवा पेंडिंग (खराब झालेले किंवा होऊ घातलेले) सेक्टर वाढताना दिसले की डिस्कच बदला, आणि शक्य असेल तर एसएसडी घ्या. दोन्ही वेळा होम फोल्डर उचलताना फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबून लपलेल्या फायलीही सोबत घ्या. फायरफॉक्सचे बुकमार्क आणि थंडरबर्डमधली पत्रं बहुधा तिथेच असतात.