क्ष-किरण क्यूबसॅटचं मॉडेल: डबा सोपा, डिटेक्टर नाजूक

तारे-दीर्घिकांकडून येणारे क्ष-किरण वातावरणातच अडतात, म्हणून डिटेक्टर वर न्यावा लागतो. 2018 साली कक्षेत सोडलेल्या हॅलोसॅट या क्यूबसॅटने, म्हणजे डब्याएवढ्या छोट्या उपग्रहाने, 6यू आकारात (1यू म्हणजे साधारण 10 सेंमीचा घन), आरशाविना, सिलिकॉन ड्रिफ्ट डिटेक्टर (क्ष-किरणाची ऊर्जा मोजणारी सिलिकॉनची चकती) वापरून आकाशगंगेभोवतीचा तप्त वायू पाहिला. आपण आधी टेबलावरचं 1यू मॉडेल करू.

चौकट 100 × 100 मिमी, रेल 113.5 मिमी लांब, सूट ±0.1 मिमी, धातू 6061 अॅल्युमिनियम. बेळगावच्या उद्यमबागेतल्या व्हीएमसीवाल्यांना (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवाल्यांना) यात अवघड काही नाही. हार्ड अॅनोडायझिंगला (अॅल्युमिनियमवर कठीण ऑक्साइडचा थर चढवायला) देताना मात्र आट्यांच्या भोकांना बूच मारायला सांगा, नाहीतर थर बसून स्क्रू अडकतो. अर्थिंगची जागाही झाकून घ्या. अॅनोडायझिंगचा थर वीज वाहत नाही. ही जागा विसरली की पुढे डिटेक्टर नुसती खरखर देतो, आणि दोष अॅम्प्लिफायरवर जातो.

खरी कसोटी इथेच आहे. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन आणि होल (त्याची रिकामी जागा) अशी एक जोडी सुटायला साधारण 3.6 इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. म्हणजे 5.9 केईव्हीच्या (5,900 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या) किरणातून हाती येतात जेमतेम 1,640 इलेक्ट्रॉन. असे किरण देणारा लोह-55 चा किरणोत्सर्गी स्रोत विनापरवाना आणू नका. त्याऐवजी 1 पिकोफॅरडच्या कपॅसिटरमधून 0.26 मिलिव्होल्टची पायरी द्या, तेवढाच विद्युतभार आत जातो. सिग्नल जनरेटरवर 260 मिलिव्होल्ट ठेवून हजारपट कमी करा. वायरिंगमुळे 0.1 पिकोफॅरड जरी जास्तीचा आला तरी मोजणी दहा टक्के चुकते, तेव्हा तारा आखूड ठेवा.

चाचणी बॅटरीवरच घ्या, मोबाईल चार्जर नको. डब्याला बोटाने टिचकी मारा: आकडा उसळला तर ती कंपनं आहेत, बोर्डाखाली स्पंज घाला. शेजारी फाउंड्री असेल तर काम रात्रीच उरका. मग खोलीत अंधार करून प्रत्येक फटीवर टॉर्च फिरवा. प्रकाश आत शिरला तरी डिटेक्टर तसेच खोटे आकडे दाखवतो.

डिटेक्टरच्या तोंडावरच्या बेरिलियमच्या पातळ पडद्याला बोट लावू नका, चिरला तर डिटेक्टर गेलाच, शिवाय त्याची धूळ विषारी. आत पेल्टियर (विजेवर चालणारा छोटा थंडावा देणारा भाग) असतो, त्याची गरम बाजू थर्मल पॅडने चौकटीला जोडा. निर्वातात हवा उष्णता नेत नाही. खानापूरकडच्या पावसाळ्यात तर डिटेक्टर सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यातच ठेवा.