ऑस्करला सोबती देताना

“दादा, एकटाच फिरतो हो बिचारा. त्याला कुणीतरी सोबत आणा ना.”

पुण्यात घरोघरी जाऊन फिश टँकची देखभाल करतो, चौदा वर्षं झाली. ज्या घरात ऑस्कर, म्हणजे फूटभर वाढणारा आणि तोंडात मावेल ते गिळणारा मासा, आहे तिथे हे वाक्य कधी ना कधी ऐकावं लागतंच. माझं उत्तर ठरलेलं आहे. ऑस्कर एकटा राहिला म्हणून त्याचं काही अडत नाही. सोबत आपल्याला हवी असते, टाकी भरलेली दिसावी म्हणून. हरकत नाही, पण निवडणार आपण आणि भोगणार मासे, तेव्हा जरा बघून निवडू.

आधी माझीच चूक सांगतो. कोथरूडच्या एका काकूंच्या ऑस्करसोबत मी दोन इंचांचा सकर, म्हणजे काचेला तोंड चिकटवून शेवाळ खाणारा मासा, सोडला होता, काच साफ ठेवेल म्हणून. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन. जाऊन बघतो तर ऑस्करचा जबडा वासलेला आणि आतून सकरची शेपटी हलतेय. सकरच्या पाठीवरच्या आणि बाजूच्या परांना पुढे एक कडक काटा असतो. जिवावर बेतलं की तो हे काटे ताठ उभे करतो. त्यामुळे ऑस्करला ना गिळता येत होतं, ना थुंकता. मी मासा ओल्या फडक्यात धरला, काकूंनी मोबाइलचा टॉर्च धरला आणि नेलकटरने एकेक काटा तोडला, तेव्हा कुठे सकर सुटला. तोवर मेला होता. ऑस्कर वाचला, पण आठ दिवस दाण्याला शिवला नाही.

तेव्हापासून माझ्या पिशवीत सहा इंची पट्टी असते. ती काचेला लावून ऑस्कर मोजतो आणि नवा मासा त्याच्या किमान दोन-तृतीयांश लांबीचा असेल तरच आणतो. मोजताना आजचं माप धरून भागत नाही. पहिल्या वर्षात ऑस्कर महिन्याला साधारण इंचभर वाढतो आणि फूटभर होतो. आज शेजारी शेजारी पोहणारी तीन-तीन इंचांची पिल्लं सहा महिन्यांनी घास आणि गिळणारा अशी होऊ शकतात.

पण नुसतं मोठा मासा आणून भागत नाही, कारण घास नसला तर तो भाऊबंद ठरू शकतो. आमच्या गावाकडे परगावच्या माणसाशी कोर्टकचेरी करणारे थोडेच; केस चालते ती सख्ख्या चुलत्याशी, वीतभर बांधावरून. सिक्लिड नावाच्या माशांच्या कुळाचं तेच आहे. ऑस्कर, जॅक डेम्प्सी, ग्रीन टेरर हे सगळे सिक्लिड. अंगकाठी सारखी, तळाचा कोपरा सगळ्यांनाच हवा आणि तो राखायची रीतही एकच: कल्ले फुगवायचे, शेपटीने पाणी मारायचं, शेवटी तोंडात तोंड अडकवून ओढाओढी. म्हणून सोबती असा शोधायचा की जो ऑस्करला प्रतिस्पर्धी वाटणारच नाही. आकार वेगळा, पोहायची उंची वेगळी, खायची वेळ वेगळी.

यात माझा पहिला पसंतीक्रम सिल्व्हर डॉलर. ताटलीसारखा उभट चपटा, त्यामुळे तोंडात मावत नाही. चपळ आहे, मधल्या-वरच्या पाण्यात राहतो आणि पालापाचोळा खातो. पाच-सहा घ्या, एकटा-दुकटा बुजून काचेवर आपटतो. घेताना नीट बघा, कारण काही दुकानांत याच नावाने, नाहीतर चक्क पिरान्हा म्हणून, रूपचंदची पिल्लं विकतात. हो, मासळी बाजारात मिळतो तोच रूपचंद, खरं नाव पाकू. गळ्याखाली-पोटाखाली लाली दिसली तर हात लावू नका, तो दोन फुटांच्या पुढे जातो.

तळाला सेनेगल बिचिर. लांबट, साप सरपटावा तसा फिरतो, अंगावर चिलखतासारखे कडक खवले, आणि बहुतेक रात्री बाहेर पडतो. सात-आठ इंचांचा झाल्यावरच सोडा. झाकणाची प्रत्येक फट बुजवा, अगदी फिल्टरची वायर जाते तीसुद्धा. एका गिऱ्हाइकाचा बिचिर सोफ्याखाली सापडला, धुळीने माखलेला पण जिवंत, कारण तो वरची हवा घेऊन तग धरतो. सकरही चालतो, पण पाच-सहा इंचांचा, आणि तोही पुढे फूटभर वाढणार हे धरून.

शार्क म्हणून जो विकतात तो पंगासियस टाळा. तीन-चार फुटांचा होतो आणि दचकला की काचेवर धडकतो. पॅरट फिशचं तोंड नीट मिटत नाही. तो मार खातो, परत देऊ शकत नाही. कॉन्व्हिक्ट या छोट्या सिक्लिडची जोडी तर नकोच नको. चार इंचांचे जीव, पण अंडी घातली की दहा इंची ऑस्करला एका कोपऱ्यात कोंबतात. आणि दोन ऑस्कर ठेवू का? दोनात एक साहेब होतो. तीनात दोघांची जोडी जमते आणि तिसरा मरतो. ठेवायचेच तर पाच-सहा पिल्लं एकत्र वाढवा, आपसूक जमलेली जोडी ठेवा, बाकीच्यांना आधीच घर बघून ठेवा.

आता टाकी. चार फूट बाय दीड बाय दीड म्हणजे साधारण अडीचशे लिटर. ती एका ऑस्करची. वर लिहिलेली मंडळी हवी असतील तर सहा बाय दोन बाय दोन, म्हणजे सहाशे ऐंशी लिटरच्या आसपास. ऑस्कर घाण प्रचंड करतो, तेव्हा फिल्टर दणकट हवा आणि दर आठवड्याला एक-तृतीयांश पाणी बदलायला हवं. अमोनिया आणि नायट्राइट, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात तयार होणारी विषं, तपासणीत शून्य दाखवत नसतील तर नवा मासा आणू नका. तीन फुटी टाकीवाले इथे थोडे नाराज होतात. होऊ द्या.

सोडायची पद्धत. नवा मासा आधी तीन आठवडे वेगळ्या टाकीत, म्हणजे व्हाइट स्पॉट (अंगावर पांढरे ठिपके उठणारा रोग) वगैरे तिथेच कळेल. मग शुक्रवारी संध्याकाळी, दोन दिवस लक्ष ठेवता यावं म्हणून, ऑस्करला आधी पोटभर खायला घाला आणि झाकण असलेल्या टबात काढा. दगड-लाकडाची जागा पूर्ण बदला, म्हणजे जुन्या बांधाच्या खुणा पुसल्या जातात. नव्यांना आधी सोडा, तासाभराने ऑस्करला, आणि लाइट सकाळपर्यंत बंद. हे उलट क्रमाने केलं तर नवा मासा घुसखोर ठरतो.

पहिल्या आठवड्यात थोडी पळापळ होणारच. मी एवढंच बघतो: कुणी हीटरच्या मागे, वरच्या कोपऱ्यात, तिरका लटकून आहे का? दाणे टाकल्यावरही खाली येत नाही का? पर फाटलेत, खवले गेलेत का? तसं सलग दोन दिवस दिसलं तर मासा बाहेर काढायचा. “होईल ओळख हळूहळू” म्हणत थांबलेल्या घरांतून मी पिशवीत मेलेले मासे नेलेत.

फ्लॉवरहॉर्नवाल्यांना वेगळं सांगायची गरज पडते. हा मलेशियात संकर करून काढलेला सिक्लिड, कपाळावर टेंगूळ आणि नशीब आणतो अशी ख्याती. याला सोबती नाही. मध्ये प्लॅस्टिकची जाळी उभी करून पलीकडे दुसरा मासा ठेवता येईल, पण जाळी चारी कडांनी पक्की हवी.

आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या सिक्लिडचा हिशेब याच्या उलटा. तिथे दाटीच कामाला येते. चार फुटांत पंधरा-वीस मासे ठेवले की राग वाटला जातो आणि एकावर निघत नाही. त्यांना जड, क्षारांचं पाणी मानवतं, त्यामुळे बोअरच्या पाण्याच्या सोसायट्यांत ते मजेत असतात. ऑस्करच्या टाकीत मात्र त्यांना मिसळू नका.

आणि नवा मासा आणण्याआधी एक दोन फुटी टाकी फिल्टर लावून चालू ठेवा. जमलं नाही तर मासा ठेवायला जागा लागते, आणि ती जागा मुठा नदी नव्हे. माझ्या गॅलरीतल्या तशा टाकीत सध्या गिऱ्हाइकांकडून परत आलेला एका डोळ्याचा सिल्व्हर डॉलर आणि शेपूट अर्धी उरलेला सेव्हरम, तोही एक सिक्लिड, आहे. डॉलर कुणी मागितला तर देईन, पण आधी टाकीचं माप विचारेन.